यंदाच्या गणित दिनाला ७,३९,३९,१३३ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ डिसेंबर हा गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो आणि त्या सुमारास वर्तमानपत्रांत त्यांची १७२९ ची गोष्ट (दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या) हमखास येते. गोष्ट सुंदरच आहे. पण मुलं ती वाचून ‘बापरे’ म्हणतात आणि पान उलटतात, कारण त्यांनी करावं असं त्यात काही उरलेलं नसतं.

मी नागपूरच्या महाल भागात आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. फळ्यावर ७३९३९१३३ लिहून मुलांना उजवीकडचा एकेक अंक पुसायला लावते. ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. मूळ संख्येपासून (म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या संख्येपासून) सुरुवात केली आणि दर वेळी उरली तीही मूळ संख्याच! ७३९ पर्यंत मुलं स्वतः भाग लावून बघतात, ७३९३ ला जरा दमतात. “मॅडम, हा तर कुठेच तुटून नाही राहिला!” असं मागच्या बाकावरून ऐकू येतं, तेव्हा मला फार बरं वाटतं.

अशा संख्या एकूण ८३ च आहेत आणि त्यांत ही सर्वांत मोठी. हे सांगितलं की पोट्टे लगेच पुढे नववा अंक जोडायला धावतात. खरं गणित इथूनच सुरू होतं. सम अंक किंवा ५ जोडून उपयोग नाही, हे कुणीही सांगतं. राहिले १, ३, ७, ९. संख्येतल्या अंकांची बेरीज ३८. १ जोडला तर ३९, ७ जोडला तर ४५, म्हणजे दोन्हींना ३ ने भाग जातो. ३ जोडला की ७३९३९१३३३. हिला ७, ११, १३ असं करत भागत जावं लागतं. वहीची पानं भरतात, कंटाळाही येतो, आणि १२७ ला एकदाची बाकी शून्य येते. भागाकार ५८२१९७९. ९ जोडूनही मूळ संख्या मिळत नाही, मात्र तिचा विभाजक आणखी पुढे आहे. तिथे मी कॅल्क्युलेटर घेऊ देते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना ६१७४ चं गुपित सापडलं, ते अंकांशी असंच खेळता खेळता. (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येते.)

आपल्या पुरवणीत ‘शुभ अंक’ सांगणाऱ्या सदराला दर आठवड्याला जागा मिळते. गणित दिनाच्या अंकात तेवढीच जागा या संख्येला द्यावी, ही कळकळीची विनंती. आठ ओळी एकीखाली एक, ठळक टाइपात. याच जातीच्या आठ अंकी संख्या आणखी चार आहेत. त्या मी मुद्दाम लिहीत नाही, आपणही त्याच दिवशी छापू नयेत. दोन २ ने सुरू होतात, एक ३ ने, एक ५ ने, एवढंच मुलांना सांगावं आणि उत्तरं पुढच्या रविवारी द्यावीत.

– एक गणित शिक्षिका, महाल, नागपूर