केपीआयटी गेली कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दोन सॉफ्टवेअर कंपन्या एकत्र येणार म्हटले की दुसऱ्या दिवशीच्या अर्थपानावर एकच गोष्ट ठळक छापून येते: अमुक शेअर इतके टक्के वधारला, तमुक घसरला. पण ज्यांच्या डीमॅट खात्यात शंभर-दोनशे शेअर वर्षानुवर्षे पडून आहेत ते त्या दिवशी काहीच करत नाहीत. ते जागे होतात वर्षभराने, खात्यातले आकडे बदलल्यावर, आणि मग घाबरून विकतात.

माझ्या थोरल्या बहिणीचे असेच झाले. पुण्यातल्या किर्तने-पंडितांच्या सीए फर्ममधून १९९० मध्ये उभी राहिलेली केपीआयटी ही सॉफ्टवेअर कंपनी तिला घरचीच वाटायची, म्हणून तिने दोनशे शेअर घेऊन ठेवले होते. जानेवारी २०१८ मध्ये बिर्लासॉफ्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीशी विलीनीकरण जाहीर झाले. बिर्लासॉफ्टच्या ९ शेअरमागे केपीआयटीचे २२, हे प्रमाण वाचून ताई कागद-पेन घेऊन बसली. ते प्रमाण बाजारात नोंदणी नसलेल्या बिर्लासॉफ्टच्या भागधारकांसाठी होते, तिच्यासाठी नव्हतेच, हे तिला कोणी सांगितले नाही.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी तिचा फोन आला. "अरे, माझी केपीआयटी गेली कुठे? हे बिर्लासॉफ्ट मी कधी घेतलं? आणि भाव निम्मा कसा?"

झाले होते असे. जुन्या केपीआयटी कंपनीत बिर्लासॉफ्ट विलीन झाली आणि त्याच कंपनीचे नाव बिर्लासॉफ्ट झाले. वाहन उद्योगासाठीचे अभियांत्रिकी सॉफ्टवेअरचे काम वेगळे काढून नव्या कंपनीत गेले आणि केपीआयटी हे नाव त्या कंपनीला मिळाले. जुन्या एका शेअरमागे नव्याचा एक. भाव पडला नव्हता, दोन ठिकाणी वाटला गेला होता. पण नव्या शेअरची बाजारात नोंदणी झाली २२ एप्रिल २०१९ ला. मधले जवळजवळ तीन महिने ताईला फक्त अर्धी रक्कम दिसत होती. ब्रोकरकडे विचारले तर उत्तर मिळाले, "मॅडम, सिस्टीममध्ये येईल." शेअर आले, आणि तिने पहिल्याच आठवड्यात शंभर रुपयांच्या आसपासच्या भावाने सगळे विकून टाकले. २०२३ मध्ये त्याच शेअरने हजाराचा टप्पा ओलांडला. ती अजूनही तो विषय काढू देत नाही.

मग आले आयकराचे विवरणपत्र. खात्यात नव्या शेअरची खरेदी किंमत शून्य दिसत होती. वास्तविक मूळ खरेदी किंमत दोन्ही कंपन्यांत ठरलेल्या प्रमाणात विभागायची असते, ते प्रमाण कंपनी जाहीर करते, आणि शेअर किती काळ जवळ होते ती मुदतही मूळ खरेदीपासूनच धरतात. आमच्या सीएंनी विचारले नसते तर तिने विनाकारण जास्त कर भरला असता.

ही सगळी माहिती विलीनीकरणाच्या योजनेच्या कागदपत्रांत असते, पण शेकडो पानी, कायद्याच्या इंग्रजीत. म्हणून विनंती अशी, की अशा बातमीसोबत मराठीत एक चौकट द्यावी: माझ्या शंभर शेअरचे काय होणार, कोणते नाव दिसणार, नवे शेअर विकता येईपर्यंत किती काळ लागू शकतो, खरेदी किंमत कशी विभागायची. आणि ती चौकट घोषणेच्या दिवशी छापली तरी रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे नवे शेअर कोणाला मिळणार हे ज्या तारखेच्या नोंदीवरून ठरते तिच्या, आठवड्यात पुन्हा छापावी. फोन तेव्हाच येतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे