पक्ष्याच्या फोटोखाली गाव आणि तारीख छापा

मा. संपादक,

१२ फेब्रुवारीला डार्विनची जयंती आली, की प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोचींचे चित्र हमखास छापले जाते. त्या चोची पाहताच त्याला उत्क्रांती उमगली, असे मुलांना सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या फिंचनीच त्याला अडवले होते.

त्याचे ‘बीगल’ जहाज १५ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर १८३५ त्या बेटांत होते. डार्विन चार बेटांवर उतरला. मॉकिंगबर्ड या पक्ष्याच्या नमुन्यांवर त्याने बेटाची नोंद ठेवली, पण फिंच बहुतेक बेटाचे नाव न लिहिता एकत्रच ठेवले गेले. इतक्या जवळच्या बेटांवर निराळ्या जाती असतील, हे ध्यानातच आले नव्हते. कासव कोणत्या बेटावरचे ते पाहूनच ओळखतो, असे तिथले अधिकारी लॉसन सांगत होते, तरीही! १८३७ मध्ये लंडनला पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी हे सारे फिंच एकाच गोतातले ठरवले. तेव्हा कप्तान फिट्झरॉय आणि सहायक कव्हिंग्टन यांच्या, बेटाचे नाव असलेल्या नमुन्यांवरून डार्विनला जुळवाजुळव करावी लागली. मॉकिंगबर्डच्या तीन जाती मात्र बेटांनुसार स्पष्ट वेगळ्या निघाल्या. फरक होता तो नमुन्यावरच्या, बेटाचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीचा.

खोट्या चिठ्ठीने काय होते, हे तर खानदेशाने भोगले आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा, डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच मिळवलेला. पुढे माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातला नमुना चोरून नव्याने भरला आणि त्यावर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ असे लिहिले. शोध घेणारे त्यामुळे भलतीकडे फिरले. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी!

आता वन्यजीव कायद्यामुळे पक्षी मारून नमुने जमवता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. फोटो आणि वही हाच आपला नमुना. निघण्यापूर्वी कॅमेऱ्यातली तारीख-वेळ तपासावी. नव्या ठिकाणी पोचल्यावर पहिला फोटो गाव, पाडा, तालुका लिहिलेल्या कागदाचा घ्यावा. नाला ओलांडून दुसऱ्या पाड्यात गेलात की पुन्हा घ्यावा. एकाच नावाचे पाडे अनेक असतात, म्हणून तालुका सोडू नये. वहीत पेन्सिलनेच लिहावे, जेल पेनची शाई पहिल्या सरीत पसरते. घरी येऊन आठवून लिहिणे तर नकोच, दोन ठिकाणे तिथेच एकमेकांत मिसळतात. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला, की त्यातली तारीख व ठिकाणाची माहिती गळते. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आपल्या दैनिकात वाचकांनी टिपलेले पक्षी येतात, पण खाली फक्त नाव असते. कृपया गाव, तालुका आणि तारीख छापावी. घरट्याची नेमकी जागा मात्र छापू नये, तिथे गर्दी झाली तर पक्षी घरटे सोडतात.

एक पक्षीनिरीक्षक, शहादा (जि. नंदुरबार)