कार्यशाळेला जोडतासिका द्या

महोदय,

शासकीय तांत्रिक विद्यालयांची मूळ मांडणी शहाणपणाची होती. प्रत्येक शाळेला लेथ (धातू कातण्याचे यंत्र) परवडत नाही, म्हणून आसपासच्या माध्यमिक शाळांतली मुले एकाच केंद्रावर येऊन तांत्रिक विषय शिकत. पुढे अकरावी-बारावीला २०० गुणांचे द्विलक्षी विषय, म्हणजे नेहमीच्या विषयांबरोबर शिकायचे व्यावसायिक विषय, आले. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर, १९८८-८९पासून, किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रमांची भर पडली.

अभ्यासक्रम वाढले, पण हातकामाला वेळ मिळतो का? फिटिंगचा, म्हणजे धातूचे भाग कापून-घासून जुळवण्याचा, साधा जॉब (सरावाचा तुकडा) घ्या. लोखंडी पट्टीची कड कानशीने घासायची, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून उजेडासमोर धरायची, फट दिसली की पुन्हा घासायचे. एकट्या तासिकेत व्हाइसमध्ये (पकडीत) जॉब बांधून हात बसेपर्यंत घंटा होते. कानस बोथट असेल तर मुले जोर लावतात, कानस डुलते आणि कड गोल होते. पातळ पत्र्याला इंचाला १८ दात्यांचे हॅकसॉ (धातू कापायची करवत) ब्लेड दिले की दाते तुटतात. तिथे ३२ दात्यांचेच हवे. ही खरेदी किरकोळ आहे, तरी तीच आधी रखडते.

प्रात्यक्षिकासाठी जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका, आणि दरवर्षी नव्या कानशी, ब्लेड, लोखंडी पट्ट्या एवढी तरतूद शासनाने सत्र सुरू होण्यापूर्वी करावी.

– एक तांत्रिक निदेशक, सातारा