बंद घरांचं काय करायचं?

प्रिय बापू,

कसा शे भो? तुझे तीन मिस्ड कॉल दिसले पण इथं नंदुरबारच्या धडगावकडे रेंज डोंगराच्या मर्जीवर, पाड्यावर गेलो की फोन फक्त टॉर्चच्या कामाचा. म्हणून म्हटलं एकदाच सगळं बयाजवार लिहून टाकू.

तू विचारलं होतं ना, स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करून डोंगरात लेकरं मोजत काय फिरतो म्हणून. तर हो, लेकरंच मोजतोय. वर्षभरात कुठल्या पाड्यावर किती जन्मली आणि त्यातली किती गेली. जळगावला विद्यापीठात बसून हे लई सोपं वाटायचं, हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती गेली तो अर्भक मृत्यू दर, भागाकार केला की विषय संपला. इथं आल्यावर कळलं वरचा आकडाही धड नाही आणि खालचाही नाही.

परवा एका बाईला विचारलं किती लेकरं झाली, म्हणाली तीन. लिहून उठलो पण. सोबतच्या आशाताई (म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा वर्कर) तिच्याशी पावरी बोलीत काहीतरी बोलल्या, तर चौथं निघालं. पावसाळ्यात घरीच झालेलं, दोन दिवस जगलं. नोंदणीला 21 दिवसांची मुदत असते, पण नाव ठेवायच्या आधीच गेलेल्या लेकराची नोंद करायला कोण डोंगर उतरतं रे. माझ्या फॉर्मात तर ते नव्हतंच, आशाताई नसत्या तर आलंही नसतं. (वयाचं तर विचारूच नको, सगळ्या बाया 25 नाहीतर 30 नाहीतर 35 च्या, मधलं वय कुणाचंच नाही. मग होळीच्या आधी का नंतर, पोरगं चालत होतं का तेव्हा, असं विचारत विचारत वय काढायचं.)

आता तुझ्या कामाची गोष्ट. तुमच्या चाकणच्या कंपनीत क्वालिटीच्या ट्रेनिंगला ज्या डेमिंगचं नाव घेऊन तुम्हाला पिळतात ना, त्याच डेमिंगनं 1949 ला आपल्या इथले संख्याशास्त्रज्ञ चंद्रशेखरन यांच्यासोबत जन्ममृत्यू मोजायची एक पद्धत मांडली, आणि ती तपासली बंगालातल्या सिंगूरच्या आकड्यांवर! मला हे कळलं तेव्हा पहिले तूच आठवला. पद्धत अशी की एक यादी नोंदणीची आणि दुसरी घरोघरी फिरून केलेली, दोन्ही एकमेकांना न दाखवता. मग नावं जुळवायची. समज रजिस्टरमध्ये 60 जन्म, आपल्याला फिरून 50 सापडले, आणि 40 दोन्हीकडे आहेत. म्हणजे आपल्या 50 मधले 40 रजिस्टरला माहीत होते, याचा अर्थ रजिस्टर शंभरातले ऐंशी पकडतं, मग त्याचे 60 म्हणजे खरे 75. दोन्ही याद्या मिळून नावं 70 च होतात बघ, म्हणजे पाच लेकरं अशी की जी कुणाच्याच वहीत नाहीत पण गणितात सापडली. मला पहिल्यांदा हे समजलं त्या रात्री झोप नाही आली, हसू नको. देशाचा जन्मदर-मृत्युदर ज्या सरकारी नमुना नोंदणीतून (निवडक गावं-वस्त्या घेऊन केलेली) येतो तिथंही 1969-70 पासून हाच दोनदा मोजून जुळवायचा धागा आहे.

पण याला एक अट आहे आणि आमचं घोडं तिथंच पेंड खातंय. एका यादीतून सुटणं आणि दुसरीतून सुटणं यांचा एकमेकांशी संबंध नको. त्या दोघांनी यावर उपायही सांगितलाय, सारख्या सारख्या लोकांचे गट पाडून हिशोब करा. आम्ही केले, रस्त्यालगतचे पाडे वेगळे, आतले वेगळे. पण दिवाळी झाली की इथले लोक गाड्या भरभरून ऊसतोडीला गुजरातकडे जातात, पोटुशी बाईसुद्धा जाते. लेकरू फडावर जन्मलं आणि तिथंच गेलं तर इथल्या रजिस्टरला ते माहीत नाही आणि आम्ही गेलो तेव्हा दाराला काट्या. दोन्ही याद्यांतून तेच घर सुटतं! मग 75 पण कमीच असणार, आणि किती कमी ते सूत्र सांगत नाही. आमच्या भागात अशी 31 घरं बंद मिळाली.

एका साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले बंद घरं सोडून द्या, आकडा वाढला तर उत्तर कोण देणार. आणि हेच साहेब एका छोट्या गावाचा दर शून्य आला म्हणून खूश होते. अरे वीस जन्मांच्या गावात एक लेकरू गेलं की दर 50 आणि पुढच्या वर्षी नाही गेलं की शून्य, त्यात गावानं काय सुधारलं अन् काय बिघडलं? मी तोंडावर नाही बोललो. बोलायला पाहिजे होतं.

होळीला बहुतेक सगळे परत येतात. काठी गावची होळी तू कधीपासून बघायची म्हणतोस ना, मग ये या वेळेस. होळी झाली की दुसऱ्या दिवशी ती 31 घरं करायचीत, पाच-सहा तुझ्याकडे देतो, आशाताई असतीलच बोलायला. शहाद्यापर्यंत एसटीनं ये, पुढं घाटात मी गाडी घेऊन येतो. फक्त ग्रामपंचायतीचं रजिस्टर मी तुला दाखवणार नाही, कितीही मागितलं तरी. आणि येताना भरताची वांगी आण, इथं लेवा पाटलांसारखं भरीत कुणाला जमत नाही.

तुझाच,
दिन्या