अंगकोरच्या वाटाड्यास जाहीर आभार

प्रिय बोंग,

सप्रेम नमस्कार.

‘बोंग’ ही कंबोडियाच्या ख्मेर भाषेत थोरल्या भावंडाला मारायची हाक. तुमचं खरं नाव या पत्रात घातलेलं नाही. अंगकोरच्या जुन्या देवळांशेजारच्या सिएम रीप शहरात तुमच्यासारखे परवानाधारक गाइड बरेच आहेत आणि हे आभार त्यांच्यापर्यंतही पोचावेत. पत्र मराठीत आहे, कारण तुम्ही जे दाखवलंत ते पुढे जाणाऱ्या आमच्या माणसांना कळावं, हीच तुमच्या उपकारांची खरी फेड.

आमच्याकडची माणसं अंगकोरला पोचली की बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, ‘हे सगळं आपलंच!’ तुम्ही ते कधी खोडून काढलं नाहीत. फक्त लोलेई देवळाच्या विटांच्या मनोऱ्यापाशी नेऊन दाराच्या चौकटीवरची अक्षरं वाचायला उभं केलंत. लोलेई शके ८१५ चं, म्हणजे सन ८९३ चं. काळगणना आमच्या पंचांगातलीच, शालिवाहन शकाची. पण त्या काळच्या शिलालेखांत देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे, आणि व्यवहार मात्र ख्मेर गद्यात: जमीन कोणती, तिच्या हद्दी कुठवर, तांदूळ किती, देवळाच्या चाकरीला कोण. त्या चाकर माणसांच्या नावांच्या याद्या आहेत, आणि शुक्ल पक्षात कुणाची पाळी, कृष्ण पक्षात कुणाची, तेही लिहिलेलं आहे. देवांची नावं ओळखीची असली तरी देऊळ ज्यांनी उभारलं आणि चालवलं ती माणसं इथली, त्यांची भाषा इथली. एवढं एकदा कळलं की पुढची सगळी देवळं वेगळ्या डोळ्यांनी पाहता येतात.

म्हणूनच तुमचा क्रम आम्ही सगळ्यांना सांगतो: सुरुवात अंगकोर वाटपासून करू नका, रोलुओसच्या तीन जुन्या देवळांपासून करा. शहराच्या पूर्वेला महामार्ग ६ वर साधारण १३ किलोमीटर. प्रेआ को सन ८७९, बाकाँग ८८१, लोलेई ८९३. विटांचे मनोरे आणि त्यांवरचा गिलावा प्रेआ कोमध्ये दिसतो, पायऱ्यापायऱ्यांचा दगडी डोंगर बाकाँगमध्ये. नंतरच्या अडीचशे वर्षांत याच दोन गोष्टी वाढत वाढत अंगकोर वाटपर्यंत जातात. उलट क्रमाने पाहणाऱ्याला रोलुओस लहान वाटतं आणि तो अर्ध्या तासात गाडीत परत बसतो.

प्रासात क्रावान तर बहुतेक सगळे गाडीतूनच पाहतात. तिथे आत पाठवल्याबद्दल वेगळे आभार. सन ९२१ चं विटांचं देऊळ, पाच मनोरे एका ओळीत. मधल्या मनोऱ्यात तीन पावलं टाकणारा वामन थेट विटांच्या भिंतीतच कोरलेला आहे. विटा आधी एकमेकींवर घासून, वनस्पतींच्या चिकाने चिकटवून भिंत उभी केली आणि मग त्या भिंतीवर छिन्नी चालवली. सांधा इतका बारीक की नख शिरत नाही. आणि बाहेरच्या भिंतीत तुम्ही बोट न लावता दाखवलेली ती वीट! तिच्यावर ‘सीए’ ही रोमन अक्षरं छापलेली आहेत. १९६० च्या दशकातल्या दुरुस्तीत अंगकोर संवर्धन कार्यालयाने नव्याने घातलेल्या विटांवर ही खूण केली, म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे पुढच्या माणसाला कळावं. दुरुस्ती अशी प्रामाणिक असावी, हे आमच्या गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांनी एकदा येऊन पाहायला हवं.

गाभारे बहुतेक रिकामे. मूर्ती चोरीला गेल्या किंवा संग्रहालयात हलवल्या. अशा वेळी काय पाहायचं, हे तुम्ही शिकवलंत. शाळुंका जागेवर असेल तर तिची पन्हळ शोधा. ती उत्तरेला असते. काही देवळांत अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी नाळ उत्तरेच्या भिंतीतून निघते. बहुतेक देवळांचं दार पूर्वेला, बाकी तीन बाजूंना दगडात कोरलेली खोटी दारं. अंगकोर वाट मात्र पश्चिमाभिमुख. मूर्ती नसेल तर निदान चौथऱ्यावरचे खाचे पाहा. दूरच्या को केरमधल्या प्रासात चेन देवळात चोरांनी पुतळे घोट्यापासून तोडून नेले आणि पावलं तशीच चौथऱ्यावर राहिली. त्या पावलांवरूनच तिथला दुर्योधन ओळखला गेला आणि २०१४ मध्ये तो कंबोडियाला परत मिळाला. मूळ मूर्तींसाठी राजधानी प्नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावाच.

आता बांधकाम. हेमाडपंती देवळं पाहिलेल्यांना चुन्याशिवाय रचलेले दगड नवे नाहीत. पण इथे दोन दगड बहुधा एकमेकांवर घासून बसवलेले आहेत. बायोन देवळाच्या भिंतीवर हे काम कोरलेलंच आहे: दगड चौकटीला टांगलेला आणि माणसं तो खालच्या थरावर पुढेमागे सरकवताहेत. त्यामुळे सांधे सरळ रेषेत नसतात आणि प्रत्येक दगड फक्त त्याच्या जोडीदाराशीच जुळतो. भिंत एकदा कोसळली की कुठलाही दगड कुठेही बसत नाही. बाफुओन देवळाचं हेच झालं. दुरुस्तीसाठी सुमारे तीन लाख दगड उतरवून रानात मांडले, यादवी सुरू झाली, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नोंदी नष्ट झाल्या. १९९५ मध्ये पुन्हा हात घातला आणि २०११ मध्ये काम संपलं. ही हकिगत कळल्यावर कोणीही सुट्या पडलेल्या दगडावर फोटोसाठी चढू नये. तो ढिगारा नाही, जागा सापडायची वाट बघत असलेला भाग आहे.

दगडांवरची गोल भोकं पाहून लोक ‘गोळ्या’ म्हणतात. काही आहेतही. पण ओळीने, ठरावीक अंतरावर दिसणारी बहुतेक भोकं दगड उचलण्यासाठी घातलेल्या लाकडी खुंट्यांची. आतला भराव आणि तटबंदी जांभ्याची, वरचा कोरीव थर कुलेन डोंगराकडच्या वालुकाश्माचा. वालुकाश्म थराथरांचा असतो. खांबासाठी तो उभा लावला की थर उभे होतात, बुंध्याशी पाणी आणि क्षार चढतात आणि पापुद्रे सुटतात. वटवाघळांच्या विष्ठेतल्या क्षारांनीही तेच होतं. अंगकोर वाटच्या खांबांचे बुंधे पाहिले की हे समजायला दुसरं काही वाचावं लागत नाही. आणि खरी कमान इथे नाही. दगडाचा एकेक थर पुढे काढत छप्पर मिटवलंय. म्हणून दालनं अरुंद आहेत, आणि म्हणूनच पाठीवरची सॅक छातीशी घ्यायला तुम्ही सांगता. वळताना ती घासते ती नेमकी शिल्पावर. अप्सरांच्या छातीवरचा काळा तुकतुकीत डाग हातांचा आहे, दगडाचा नाही.

अंगकोर वाटची शिल्पभिंत पाहण्याची दिशा चुकली की सगळं चुकतं. पश्चिमेकडून आत आलात की उजवीकडे वळा. देऊळ डाव्या हाताला ठेवायचं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. आधी कुरुक्षेत्र: डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि शरपंजरी भीष्म. मग दक्षिण दालनात हे देऊळ बांधणाऱ्या राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याची मिरवणूक. राजाशेजारी ‘परमविष्णुलोक’ हे त्याचं मरणोत्तर नाव कोरलंय. पुढे यम आणि चित्रगुप्त, वर ३७ स्वर्ग, खाली ३२ नरक, नरकांची नावं ख्मेरमध्ये. पूर्वेला वळलात की समुद्रमंथन, जवळजवळ ५० मीटर लांब. इथवर पाहायला निवांत दोन तास हवेत. त्यापुढची ईशान्येकडची शिल्पं सोळाव्या शतकात कोरलेली आहेत आणि हात तितका सफाईचा नाही. वेळ कमी असेल तर ती सोडून पश्चिमेच्या उत्तर भागातलं लंकेचं युद्ध गाठा. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांचा उंच विष्णू उभा आहे, त्याला तुम्ही ‘ता रीच’ म्हणता. अंगावर भगवं-पिवळं वस्त्र, पुढ्यात उदबत्त्या, आणि नवस बोलायला येणारी माणसं बौद्ध. हा देव आज पूर्णपणे त्यांचा आहे.

बांतेआय स्रेईला सकाळी ७:३० ला दार उघडतानाच पोचवलंत, तेही बरोबर. शहरापासून साधारण ३५ किलोमीटर, पूर्वाभिमुख, गुलाबी दगड. दक्षिणेच्या ग्रंथागाराच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी शिल्पपटावर कैलास हलवणारा रावण आहे आणि त्यावर सकाळचंच ऊन पडतं. वेरूळचा रावण डोळ्यांत असलेल्याने इथे थांबून पाहावं. वेरूळला डोंगराचं ओझं अंगावर येतं. इथे डोंगर म्हणजे पायऱ्यांचा मनोराच: खालच्या थरावर पळणारे प्राणी, त्यावर पशुमुखी गण, मग दाढीवाले ऋषी, आणि माथ्यावर शंकराला बिलगलेली उमा. ख्मेर माणसाने कैलास स्वतःच्या देवळासारखा घडवला. आतल्या आवारात दोरी आहे, तेव्हा लहान दुर्बीण जवळ ठेवावी. हे देऊळ राजाने नव्हे तर यज्ञवराह या विद्वानाने बांधलं, सन ९६७ मध्ये. तिथूनच पुढे क्बाल स्पेआन: रानातून दीड किलोमीटर चढ, आणि नदीच्या पात्रात कोरलेल्या शेकडो पिंडी. दुपारी तीननंतर वर सोडत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये पाणी आटतं, भर पावसात कोरीवकाम गढूळ पाण्याखाली जातं. पाऊस सरल्यानंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम.

निघण्यापूर्वीचं थोडं. अंगकोरच्या देवळांचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, आणि तोच घ्यावा. एका दिवसात फक्त धावपळ होते. पासवर फोटो असतो आणि तो प्रत्येक देवळात तपासतात, म्हणून खिशात नको, गळ्यात हवा. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट लागतो. को केर आणि कुलेनचं तिकीट वेगळं. डॉलरची नोट फाटकी किंवा कडेला चिरलेली असेल तर कोणी घेत नाही. नवा विमानतळ शहरापासून ४० किलोमीटरहून लांब आहे, तो वेळ धरावा.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर, बाकानवर, ओढणी खांद्यावर टाकून भागत नाही, बाह्याच हव्यात. बाकान बौद्धांच्या उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी बंद असतं, आणि इथे आमचं घरचं पंचांग कामी येतं: दोन्ही अष्टम्या, पौर्णिमा आणि अमावास्या टाळाव्यात. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावं. पिंडीवर पाणी घालू नये, कुंकू-तेल लावू नये, नारळ फोडू नये. वालुकाश्म तेल शोषून घेतो आणि तो डाग निघत नाही. भक्तीच करायची तर नांदत्या विहारात चपला काढून बसावं, पाय बुद्धाकडे करू नयेत, आणि बायकांनी भिक्खूंच्या हातात थेट वस्तू देऊ नये. जेवणात प्राहोक, म्हणजे आंबवलेली मासळी, भाजीतही असते. शाकाहारी माणसाने ‘मासे नको’ एवढंच सांगून पुरत नाही. प्राहोक नको, फिश सॉस नको, असं नाव घेऊन सांगावं लागतं.

झाडांच्या मुळांनी वेढलेल्या ता प्रोम देवळात आमच्या पुरातत्त्व खात्याचं काम अनेक वर्षं चालू आहे, आणि त्याआधी १९८६ ते १९९३ अंगकोर वाटमध्ये होतं. ता प्रोमची मोठी झाडं का तोडत नाहीत, हे तुमच्याइतकं सोपं करून कोणी सांगितलेलं नाही. मूळ जिवंत आहे तोवर भिंत फोडतं आणि धरूनही ठेवतं. झाड मेलं की मूळ कुजतं, पोकळी पडते आणि भिंत बसते. म्हणून झाडालाही टेकू आणि भिंतीलाही.

दूरच्या देवळांबद्दल तुमची ताकीद जशीच्या तशी देतो: को केर आणि त्यापलीकडे पायवाट सोडून रानात शिरू नये, सुरुंग अजून निघताहेत. प्रेआ विहेअरचं देऊळ थायलंडच्या सीमेवर आहे आणि २०२५ मध्ये तिथे लढाई झाली, तेव्हा सरकारी सूचना पाहिल्याशिवाय तिकडची गाडी ठरवू नये. त्याऐवजी साम्बोर प्रेई कुक करावं, सातव्या शतकातलं ईशानपूर, अंगकोरच्याही आधीचं. तिथल्या अष्टकोनी विटांच्या देवळांना गर्दी नाही.

आणि जाणाऱ्यांना एक विनंती. गाइड अर्ध्या दिवसासाठी नव्हे, पूर्ण दिवसांसाठी घ्या, आदल्या रात्री त्याच्याबरोबर बसून मार्ग ठरवा, आणि त्याचे पैसे शक्यतो त्याच्याच हातात द्या.

बोंग, तुमचे मनापासून आभार. तुमच्या घरी सर्वांना नमस्कार सांगा.

तुमचे,
ख्मेर देवळांच्या वाटेवरचे मराठी प्रवासी