मिशनच्या इतिहासातील मराठी माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसारात मिशनऱ्यांचा वाटा किती, या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही आठवडे वाचकांची पत्रे येत आहेत. काहींनी मिशनच्या शाळा-दवाखान्यांची थोरवी सांगितली, काहींनी आमिषे दाखवून धर्मांतरे घडवल्याचा आरोप केला. दोन्ही पक्षांच्या लेखी कर्ता मात्र परदेशी मिशनरीच आहे. ज्या मराठी माणसांनी हा धर्म स्वीकारला आणि पुढे गावोगावी नेला, ती एक तर उपकृत ठरतात किंवा फसलेली. नगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास पाहिला तर ही मांडणी टिकत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते आणि त्यांना परत पाठवण्याची तयारी चालली होती. राज्यकर्त्यांनीच मिशनरी आणून बसवले असे सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. हॉल 1826 मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने वारले, आणि तोवर बाप्तिस्मा घेणारे अगदीच तुरळक होते. मिशनने 1831 मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे ठाणे केले. तिथेही कामाला गती आली ती हरिपंत खिस्ती यांच्यासारखे स्थानिक लोक उपदेशक आणि पाळक म्हणून उभे राहिल्यानंतर. खेड्यांत तर साहेब वर्षाकाठी एखाद्या वेळी तंबू ठोकून जाई. महारवाड्यातली शाळा चालवणारा, संध्याकाळी भजन घेणारा, मेलेल्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणारा आणि पाटलाच्या रोषाला तोंड देणारा असे तो मिशनचा मास्तर. हा धर्म नात्यागोत्याच्या आणि सोयरिकीच्या वाटेने एका गावातून दुसऱ्या गावात गेला, आणि त्या वाटा कोणत्याही परदेशी माणसाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

कीर्तनाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. आरंभीच्या मिशनऱ्यांनी मराठीत गीते रचली खरी, पण त्यांतली पुष्कळशी विलायती चालींवर बेतलेली होती आणि खेडुतांच्या गळ्यात ती नीट बसत नसत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी येशूचे चरित्र कीर्तनाच्या घाटात बसवले. पदे, साकी, दिंडी, आख्यान यांची सवय असलेला श्रोता ते ऐकायला बसला, कारण ऐकण्याची ती रीत त्याच्या घरचीच होती. पुढे नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाच्या आणि पदांच्या रूपाने जी रचना केली, ती आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेत दर रविवारी गायिली जाते. या कामाला केवळ ‘मिशनचे काम’ म्हणणे अन्यायाचे आहे. ती मराठी भक्तिपरंपरेतल्या माणसांची निर्मिती आहे.

मराठवाड्यातही असेच घडले. नारायण शेषाद्री यांनी 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तिथे प्रामुख्याने मातंग कुटुंबांना घर आणि कसायला जमीन मिळाली. एका ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने मातंगांमध्ये आयुष्य घालवावे, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती.

स्त्रियांचा वाटा याहूनही कमी सांगितला जातो. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांच्या नगरमधील मुलींच्या शाळेचा उल्लेख सावित्रीबाईंच्या संदर्भात होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु घरोघरी जाऊन बायकांना अक्षरओळख करून देणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बायबल-बायांची नावेही बहुधा लिहून ठेवली गेली नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम तिथल्याच मुलींनी व स्त्रियांनी केले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यावी असे मला मनापासून वाटते.

आमिषाचा आरोप मी टाळू इच्छित नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात मिशनच्या मदतकार्यातून अनेक लोक ख्रिस्ती मंडळीत आले, हे खरे आहे. भुकेल्या माणसाच्या निर्णयात भूक असणारच. पण त्याआधीची चाळीसहून अधिक वर्षे नगर जिल्ह्यात काम चालू होते आणि गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे स्पष्टीकरण दुष्काळाने होत नाही. शिवाय बाप्तिस्मा घेणाऱ्याचे बलुते धोक्यात येई, भाऊबंद तुटत, लग्ने जुळत नसत. ज्या माणसाला पाणवठ्यावर आणि देवळात जागा नव्हती, त्याने विचार करून आपली वाट निवडली असेल, ही शक्यता मान्य करायला आपण इतके नाखूश का आहोत?

मिशनच्या दोषांवरही पांघरूण घालू नये. अधिकार आणि पैसा परदेशी मिशनऱ्यांच्या हाती राहिला, देशी पाळकाचा पगार आणि दर्जा त्यांच्या तुलनेत फार खालचा होता, आणि उच्चवर्णीय धर्मांतरितांना जो मान मिळाला तो महार-मातंग ख्रिस्ती लोकांना पुष्कळ उशिरा मिळाला. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागे ख्रिस्ती धर्म मिशनच्या चौकटीबाहेर, या मातीच्या रीतीने जगता यावा हीच तळमळ होती.

या सर्व माणसांची माहिती आज विखुरलेली आहे. 1842 पासून नगरहून निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, पाळकांच्या रोजनिशा आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडची गाणी यांचे जतन तातडीने व्हायला हवे. ज्या मंडळ्यांकडे किंवा कुटुंबांकडे असे कागद आहेत, त्यांनी निदान त्यांची छायाचित्रे काढून जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावीत, आणि आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत अशा मास्तरांवर व बायबल-बायांवर लेखमाला सुरू करावी, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, राहुरी