कुकरची शिट्टी माझ्याकडे आहे

नेरूळ,
गुरुवार, रात्री

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, कुकरची शिट्टी शोधू नकोस, ती माझ्याकडे आहे. रविवारी तुमच्याकडून निघताना मी ती रुमालात गुंडाळून बॅगेत टाकली. आत्ता लिहिताना ती समोर टेबलावरच आहे, भोकाशी वरणाचा पिवळा डाग धरलेली. काल ताईचा फोन आला. तू म्हणे ओट्याखालचे सगळे डबे काढलेस, मोरीची जाळी उचलून पाहिलीस आणि भांडीवाल्या मावशींना दोनदा विचारलंस, "खरकट्याबरोबर गेली का बघा." मावशींचा यात काही दोष नाही. उद्या त्या आल्या की आधी तेवढं सांगून टाक. ताई मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू दोन वाक्यांनंतर "थांब, यांच्याकडे देते" म्हणतेस. इतके दिवस मला वाटायचं तुला फोनवर बोलायचा कंटाळा येतो. आता कळलं.

रविवारी मला जिन्यातच करपल्याचा वास आला होता. दार नुसतं लोटलेलं, बाबा गावदेवीत भाजीला गेलेले. कुकरमधलं पाणी कधीच संपलं होतं, आणि झाकणातून वाफ नाही, धूर येत होता. मी गॅस बंद केला. तू गॅलरीत मेथी निवडत बसली होतीस, स्वयंपाकघरापासून फार तर दहा पावलांवर. मला बघून म्हणालीस, "अरे, आत्ताच तर लावलाय. दोनच झाल्या असतील." आणि मी निघालो तेव्हा खालच्या काकू दारात भेटल्या नि म्हणाल्या, "आठ-दहा तरी झाल्या, मी मोजत होते. म्हटलं आज वर छोले दिसतायत."

म्हणजे खालच्या मजल्यावर ऐकू येतात आणि तुला गॅलरीत येत नाहीत. मग मला एकेक गोष्ट आठवत गेली. बाबांचा खर्जातला आवाज तुला नीट कळतो, पण तुमची नात बारीक आवाजात काही सांगायला लागली की तू नुसती हसून मान हलवतेस. वयानुसार कान जायला लागतात तेव्हा आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात. शिट्टी त्यातलीच. बाबांना हे माहीत होतं, हेही मला आता कळलंय. बाबा, "टीव्हीच जरा खराब झालाय, आवाज कमी येतो" हे तुम्ही दिवाळीपासून सांगताय.

तर चोरी केली ती या घाबरण्यातून. शिट्टी नसली की कुकर लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं. नंतर लाज वाटली, कारण तू चार दिवस पातेल्यात डाळ शिजवत बसली आहेस.

आता दुसरी बातमी. सोमवारी वाशीला जाऊन तुमच्यासाठी विजेचा कुकर घेतला, आमच्याकडे आहे तसा. रविवारी येताना आणतो. "कशाला उगाच" हे तुमचं दोघांचं वाक्य मी लिहूनच टाकतो, म्हणजे पुढे जाता येईल.

आई, तू पहिलं विचारशील की शिट्टी नाही तर शिजलं ते कळणार कसं. गॅसवरच्या कुकरला खालून आच मिळतच राहते. आतली वाफ मावेनाशी झाली की ती वजन उचलून बाहेर पडते, तीच शिट्टी. शिजल्याची वर्दी ती नव्हेच. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या भराभर होतात, बारीक आचेवर रेंगाळतात; तुझी आच तुझ्या हातात बसली आहे म्हणून तुझं वरण कधी कच्चं राहिलं नाही. विजेच्या कुकरमध्ये हवा तेवढा दाब झाला की हीटर आपोआप बंद होतो आणि दाब उतरू लागला की पुन्हा लागतो. जास्तीची वाफच होत नाही, तर वाजणार काय? लावलेली मिनिटं झाली की तो स्वतःच थांबतो. तेव्हा पीं पीं असं करतो, ते तुला बहुधा ऐकू येणार नाही. नाही आलं तरी चालेल. कोणी उठून काही बंद करायचं नसतं, तू खुशाल मेथी निवड.

घेताना सर्वांत जास्त डोकं डब्यांनी खाल्लं. रविवारी तू चहा टाकलास तेव्हा मी बाबांच्या टेपने तुझे वरण-भाताचे दोन्ही डबे मापून घेतले होते. दोन माणसांना तीन लिटरचा पुरतो असं दुकानदार सांगत होता, आणि नुसता भात करायचा तर पुरेलही. पण त्यात एक डबा बसतो, दुसरा वर ठेवला की झाकण लागत नाही. वरण वेगळं, भात वेगळा, असे दोन खेप कुकर लावायला तू तयार होणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून सहा लिटरचा घेतला. आतलं भांडं स्टीलचं घेतलं, काळ्या लेपाचं नाही, कारण तुझ्या आणि मावशींच्या हातात तारेची घासणी असते. आणि काचेसारखं गुळगुळीत, नुसतं बोट टेकवायचं पॅनल मुद्दाम टाळलं. ओल्या बोटाला ते दाद देत नाही, आणि बाबांना मोतीबिंदूनंतरही त्यावरची राखाडी अक्षरं दिसणार नाहीत. याला दाबल्यावर टक् करणारी खरी बटणं आहेत. बटणं चौदा आहेत, त्यातली बारा निरुपयोगी. केकचं आहे, दह्याचं आहे, कसल्याशा लापशीचं आहे. कामाच्या दोन बटणांवर मी सूनबाईंच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत: लाल म्हणजे लाव, गुलाबी म्हणजे बंद कर. बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं एक बटण असतं, त्यावर राजमा तर कधीच नको. कच्च्या राजम्यातलं विष खळखळून उकळल्याशिवाय जात नाही आणि त्या मंद आचेत तेवढी धग नसते.

बाबा, तुमचं बिल. कुकर १००० वॉटचा आहे, म्हणजे सलग तासभर पेटला तर एक युनिट. पण तो सलग पेटत नाही. वरण-भाताला सगळं मिळून पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीने चालला असं धरलं तर पाव युनिट झालं. महावितरणच्या बिलावरचा दर घेऊन तुम्हीच गुणा. सिलिंडर लावल्याची तारीख तुम्ही कॅलेंडरवर लिहिताच, तेव्हा दोन महिन्यांनी हिशेब मला दाखवा. विजेची मात्र एक अट आहे. साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, तेव्हा फ्रिजमागच्या त्या पिवळ्या पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर हा लावायचा नाही. ओट्यावरच्या भिंतीतल्या सॉकेटलाच लावायचा. आपल्या बिल्डिंगचं वायरिंग जुनं आहे, म्हणून शनिवारी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

तुम्हाला आवडेल म्हणून एक सांगतो. कुकरचा मूळपुरुष १६७९ सालचा. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये वाफेच्या दाबावर हाडंसुद्धा मऊ करणारं घट्ट झाकणाचं भांडं केलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजन टांगलेली झडप बसवली. म्हणजे माझ्यासमोर टेबलावर पडलेली वस्तू तेव्हापासूनची. विजेच्या कुकरांत ज्याचं नाव घराघरांत गेलं ते इन्स्टंट पॉट २०१० मध्ये कॅनडात निघालं. नाव इन्स्टंट असलं तरी झटपट काही होत नाही. वेळ वाचतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गॅसवरच्या कुकरमध्ये उष्णता साधारण १२० अंशांपर्यंत जाते, विजेच्या बहुतेक कुकरांत दाब थोडा कमी, त्यामुळे काही अंश खालीच राहते. मग डाळीला दोन-चार मिनिटं जास्तच लागतात. वर दाब चढायला दहा मिनिटं, उतरायला दहा-पंधरा. वरण-भाताला अर्धा-पाऊण तास धरा. वाचतं ते ओट्यापाशी उभं राहणं.

आई, लावायचा तुझ्या नेहमीसारखाच. तळाशी दोन वाट्या पाणी, त्यावर जाळी, खाली डाळीचा डबा, वर भाताचा. झाकण फिरवून बसवायचं, वरची कळ बंदच्या बाजूला, लाल ठिपका, बारा मिनिटं. तुझ्या चार शिट्ट्या नि पाच मिनिटं बारीक म्हणजे इथे बारा. मी आमच्याकडे तीनदा करून पाहिलंय. झाकणावर एक छोटी पिन आहे. वाफ भरली की ती वर येते आणि झाकण अडकतं, मग ओढलं तरी उघडत नाही. पिन खाली पडली की उघडायचं. ती तुला चष्म्याशिवायही दिसेल. घाईत कळ फिरवून वाफ सोडायची पाळी आलीच तर उलथन्याच्या दांड्याने फिरव, हाताने नको, आणि कुकर फडताळाखाली नको, नाहीतर सनमायका फुगतो. आमचा फुगलाय.

पुरणाची चणाडाळ लावशील तेव्हा भांडं निम्म्याच्या वर भरू नकोस, चमचाभर तेल घाल आणि वाफ आपली आपण उतरू दे. घाई केली की कळीतून पिवळा फेस भिंतीवर उडतो. डाळ मऊ होते आणि कटाला पाणीही भरपूर राहतं. मोडाची मटकी मात्र यात लावू नकोस, लगदा होतो. फोडणीही गॅसवरच, तुझ्या लोखंडी पळीत. यात फोडणी करता येते म्हणतात, पण स्टीलचा तळ इतका तापतो की मोहरी तडतडेपर्यंत हिंग काळा पडतो, आणि तळाशी काही चिकटलं की यंत्र शिजवायचंच थांबवतं.

आता माझी फजिती, कारण तीच तुमच्याकडे होऊ शकते. आमचा कुकर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, सकाळच्या मीटिंगच्या गडबडीत, मी दोन वाट्या धुतलेले तांदूळ आणि चार वाट्या पाणी थेट कुकरमध्ये ओतलं. आतलं भांडं सिंकमध्ये पालथं होतं. तांदूळ गेले हीटरच्या चकतीवर, पाणी खालून ओट्यावर. नशीब, प्लग लावलेला नव्हता. उलटा करून दोन दिवस वाळवला, तरी पुढे आठवडाभर आतून तांदळाचे दाणे पडत होते. शेवटी सर्व्हिसवाल्याने उघडला आणि मूठभर तांदूळ काढून माझ्या हातावर ठेवले. तेव्हापासून नियम असा की भांडं घासलं, पुसलं की त्याची जागा रॅकवर नाही, कुकरच्या पोटातच. मावशींनाही हे सांगा. झाकणाच्या आतली रबरी रिंगही धुऊन परत बसवायची. ती राहिली तर नुसती वाफ गळत राहते आणि डाळ तशीच. रिंग वास धरते, म्हणून दुसरी आणली आहे. मटणाची वेगळी, खिरीची वेगळी.

जुना कुकर टाकायचा नाही. शुक्रवारी लाइट गेली तर तोच लागेल, पण तेव्हा बाबा घरात हवेत. बाबा, शिट्ट्या तुम्ही मोजायच्या. गावदेवीत नंतर जा.

कानाच्या डॉक्टरांची वेळ बुधवारी साडेअकराची घेतली आहे, ठाण्यातच, 'तीन पेट्रोल पंप' भागात. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही. आई, ऐकू आलं नाही तर उगाच दाबू नकोस, तुला तशी सवय आहे.

रविवारी दहाच्या सुमारास ट्रान्स-हार्बर लोकलने येतो. खोकं पाच किलोच्या वर आहे, स्टेशनावरून रिक्षा करेन, बाबांनी न्यायला येऊ नये. डाळ भिजवू नकोस, कोरडीच लावून बघू. हे पत्र ताईच्या मुलाबरोबर उद्या पाठवतोय, तो कॉलेजातून परस्पर येईल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका.

तुमचा,
धाकटा

ता. क. शिट्टी सुई घालून साफ केली. आतून बराच गाळ निघाला.